गाडीखालचा तवा

"हाकला ती पाखरं, बापू! कावळे न्हवंत ती."

बापूंनी बसल्या जागेवरून काठी आपटली. पाच-सहा पाखरं उडाली आणि दहा हातांवरच्या दगडावर जाऊन बसली. अंग काळंभोर, पाय लालभडक आणि चोच हळदीत बुडवून काढावी तशी पिवळी. वर शीळ घालत होती. कावळा कधी शीळ घालतो का?

"वयनी, काळी तर हायत," बापू म्हणाले.

"म्हस बी काळी असती. तिला घालता का पिंड?"

पाखरं पुन्हा चालत चालत पत्रावळीकडं आली. मी बर्फाचा गोळा केला आणि नेम धरून मारला. लहानपणी बापाच्या शाळवात पाखरं राखलेली मी. माझा नेम चुकत नाही.

आमच्या मालकांचा दहावा होता. सतलजच्या काठाला चपट्या दगडावर बापूंनी भाताचा पिंड मांडला होता. शेजारी मी त्यांच्या आवडीची बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी ठेवली होती. आमच्याकडं बायका नदीवर जात नाहीत, पण तिथं माणसंच किती होती? बापू आणि मी; लेक गावाकडं सासरी. बापू भाळवणीचे, आमच्यासारखेच गलाईवाले. आमच्या दुकानापासून चौथं दुकान त्यांचं.

आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं. सोनाराकडची दागिन्यांची मोड आणायची, सोन्याच्या कणांसाठी दुकानातली झाडलोटसुद्धा आणायची, भट्टीत आटवायची, तेजाबात घालायची आणि चोख सोनं-चांदी काढून परत द्यायची, हा आमचा धंदा. जिथं सोनार तिथं आम्ही. कुणी मद्रासला गेलं, कुणी कलकत्त्याला. आम्ही पार हिमाचलात किन्नौरला गेलो, कारण तिथल्या बायका अंगावर शेर शेर चांदी घालतात. करछोल नावाचा बाजार होता नदीकाठाला. वीस वर्षं आम्ही तिथं काढली. तेजाबाची वाफ वीस वर्षं मालकांच्या छातीत गेली आणि एका जानेवारीत छातीनं नकार दिला.

विजेच्या तारेवर दोन डोमकावळे बसले होते. खरे कावळे, काळ्या चोचीचे. आठ वाजल्यापासून बसले होते. खाली मान वाकडी करून बघायचे, पंख झाडायचे आणि पुन्हा तसेच. एक घास घ्यायला खाली येतील तर शपथ.

"मनात काय ऱ्हायलं असंल का सदाशिवाच्या?" बापूंनी विचारलं. "बोला वयनी. कबूल केल्याबगार शिवत न्हाई."

"लेकीला अंतर देनार न्हाई," मी म्हणाले.

कावळे हलले नाहीत.

"गावाकडची हीर पुरी करीन."

नाहीच.

"दुकान मोडनार न्हाई. भट्टी थंड हू देनार न्हाई."

एक कावळा उडाला. आम्ही दोघं उठून उभे राहिलो. तो नदीवरून एक गिरकी मारून परत तारेवर येऊन बसला. पिवळ्या चोचीची तेवढ्यात पत्रावळीपर्यंत पोचली होती. मी चप्पल काढून भिरकावली.

दहा वाजून गेले. बापूंनी पिशवीत हात घातला. "दर्भाचा कावळा करूया आता. शास्त्रात हाय तसं. गारठ्यात किती वेळ बसनार तुमी?"

"गवताचा कावळा? माझ्या नवऱ्याला गवताचा कावळा, बापू? बत्तीस वर्सं संसार केला म्या त्येंच्यासंगं."

"मग काय करायचं, सांगा."

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. विहीर आणि भट्टी हे सगळं मी उगाच बोलत होते. तोंडातून ते एक नाव काढायचं नव्हतं म्हणून.

"दिस बुडेस्तोवर वेळ हाय न्हवं?" मी विचारलं.

"हाय."

"मग पिंड राखत बसा. मी आनंदाला घिऊन येते."

बापू माझ्याकडं बघतच राहिले. तीन वर्षांत ते नाव त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आनंदा म्हणजे मालकांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहा वर्षांचा, नाक वाहणारा. आई नव्हती त्याला. त्याची शेंडी मी विंचरली, त्याच्या खरजेला कडुनिंब मी लावला. आम्ही किन्नौरला आलो तसा तोही आला आणि चांदी वितळवायची मूस अशी धरायला शिकला की चांदीचा एक थेंब इकडचा तिकडं होत नसे. मग एक दिवस तो तिथलीच एक मुलगी लग्न करून घेऊन आला. रिंचेन तिचं नाव. डोक्यावर हिरव्या काठाची टोपी, गाल थंडीनं फुटलेले. मी काही बोलले नाही. जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याआधी उठली. मी स्वयंपाकघरात गेले तर चूल पेटलेली आणि माझा तवा चुलीवर. ती हातावर भाकरी थापायला बघत होती. माझं डोकं फिरलं. तिच्या हातातलं पीठ मी काढून घेतलं आणि म्हणाले, "ह्या तव्याला आमच्यातल्याच बाईचा हात लागंल."

आनंदा मागं उभा होता. त्याच दिवशी त्यानं स्वतःच्या मुशी आणि चिमटे गोळा केले. वर डोंगरात चौदा किलोमीटरवर तिचं गाव, युलांग. तो दारातनं बाहेर पडताना मी आणखी एक वाक्य बोलले: "परत हा उंबरा वलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

माझं तोंड जिवंतच राहिलं.

नेगीचं गॅरेज पुलाजवळ होतं. तोही युलांगच्या बाजूचाच, सफरचंदाच्या पेट्या वाहायला पिकअप ठेवलेली. नेगी हिंदीत बोलायचा आणि मी माझ्या हिंदीत. वीस वर्षांत दोघांनाही दोघांचं कळायला लागलं होतं. इथं आपल्या भाषेतच सांगते.

"युलांग? आज?" तो शेगडीपासून उठलासुद्धा नाही. "भाभीजी, वर मांडीएवढा बर्फ आहे. आठ-दहा दिवसांत एक गाडी गेली नाही."

"चाकाला साखळ्या घाल."

"साखळ्यांनी चाक चालेल. पोटाचं काय करू?"

"कुणाच्या पोटाचं?"

"गाडीच्या." त्यानं मला पिकअपच्या तोंडापुढं नेलं आणि वाकून बघायला लावलं. "बघा. बंपरच्या खाली काय आहे? उघडं. पत्रा होता, तो परवाच्या बर्फानं फाडून नेला. आता पुढून बर्फ आत शिरणार. रेडिएटरला थापून बसणार, पंख्यात जाणार, पट्टा भिजून घसरणार, इंजिन तापणार. ते तरी परवडलं. पण बर्फाखाली दगड दिसत नाही. हे चेंबर बघा, ऑइलचं. अंड्यासारखं असतं. एक दगड लागला की फुटलं. ऑइल सगळं रस्त्यावर, आणि आपण दोघं तिथंच गोठणार."

"मग दुसरा पत्रा ठोक की. एवढा मिस्त्री म्हणवतोस."

"पातळ पत्रा दुमडतो. जाड लागतो, दीड-दोन सुताचा. आणि सपाट चालत नाही. सपाट पत्रा बर्फ पुढं ढकलत नेतो, मग ढीग होतो आणि गाडी अडते. पुढून वर उचललेला पाहिजे, होडीच्या बुडासारखा. म्हणजे गाडी बर्फावरून घसरत जाते. तसा वाकवायचा तर मला दोन दिवस द्या."

"रुंद केवढा?"

त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले.

तेवढा रुंद, तेवढा जाड आणि तसा वाकवलेला लोखंडाचा तुकडा त्या बाजारात एकच होता. कुठं होता, ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं.

माझ्या बापाचं गुऱ्हाळ होतं. एका वर्षी उसाचा रस आटवायची काहील काठाला फुटली. बापानं तिचं मधलं बूड कापून घेतलं आणि गावच्या लोहाराकडून ठोकून माझ्यासाठी तवा करून घेतला. लग्नात लोकांनी हसून घेतलं, की पोरीला तवा दिलाय का विहिरीचं झाकण. एका वेळी चार भाकऱ्या बसायच्या. किन्नौरला येताना मालक म्हणाले होते, हे धूड कुठं न्यायचं? मी म्हणाले होते, हे धूड येत नसंल तर मी बी येत न्हाई. आमच्या भट्टीवर एका काळी अकरा माणसं होती, त्या अकरांच्या भाकऱ्या मी त्यावर भाजल्या. बापाच्या गुळाचा वास त्याला कधीच राहिला नव्हता, पण मला यायचा.

मी तो डोक्यावर घेऊन गॅरेजात आले आणि नेगीच्या पायापुढं टाकला.

त्यानं उचलला, टिचकी मारली, काठावरून बोट फिरवलं. लोखंड बघून त्याचे डोळे चमकले. मग माझ्याकडं बघून पुन्हा विझले. "भाभीजी, हा तर रोटीचा तवा."

"भाकरीचा."

"भोकं पाडावी लागतील. चार."

"पाड."

"परत पहिल्यासारखा राहणार नाही."

"मी इचारलं का तुला?"

ड्रिल लागलं. लोखंडाच्या बारीक वेटोळ्या माझ्या पायाशी पडायला लागल्या. बाहेरून काजळीनं काळा दिसणारा तवा आतून अजून पांढरा होता. पहिलं भोक पडताना मी बघितलं. बाकीच्या तिन्ही वेळेला नदीकडं बघत उभी राहिले.

नेगी गाडीखाली शिरला. भाकरीची बाजू वर इंजिनाकडं, जाळाची बाजू खाली बर्फाकडं. पुढची दोन भोकं बंपरच्या लोखंडी पट्टीला बोल्टानं आवळली, मागची दोन साखळीनं आडव्या दांड्याला बांधली. धुराच्या नळीपासून चार बोटं अंतर ठेवलं. मागं फट ठेवली, आत गेलेला बर्फ खाली पडायला आणि इंजिनाला वारा मिळायला. म्हणाला, खडबडीत लोखंडाला बर्फ चिकटतो. मग मी घरून मोहरीचं तेल आणलं आणि बर्फात पालथी पडून स्वतः तव्याच्या बुडाला चोळलं. तेल लावताना हात आपोआप गोल गोल फिरत होता.

साडेअकराला आम्ही निघालो. मागं वाळूची सहा पोती टाकली होती, चाकं दबावीत म्हणून.

नेगी गाडी अशी चालवत होता जशी भरली घागर डोक्यावर घेऊन बाई चालते. दुसऱ्या गिअरात, एका चालीनं. मी म्हणाले, "जरा दाब की. दिस काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

"दाबलं की गाडी बर्फाला धडकते, भाभीजी. धडकली की बर्फ खालून आत घुसतो. ह्याच्यावर चढायचं असतं, भांडायचं नसतं."

"मला शिकवतोस व्हय?"

"गाडीचं सांगतोय," तो म्हणाला आणि हसला.

गाडीच्या नाकापुढं बर्फ उठायचा, दोन्ही बाजूंना पडायचा आणि पोटाखालून सुर्र असा आवाज यायचा. तो बंपरच्या वर यायला लागला की नेगी थांबायचा, हातभर मागं यायचा, आणि आम्ही दोघं उतरून फावड्यानं पुढचं मोकळं करायचो. दर अर्ध्या तासाला तो जाळीपुढं थापलेला बर्फ खरडून काढायचा. एकदा इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढला. मी घरून उलथणं आणलं होतं. ते घालून तव्यावर साचलेला बर्फ मी मागच्या फटीतून ओढून काढला. जन्मभर ज्या उलथण्यानं त्या तव्यावरच्या भाकऱ्या उलटल्या, त्याच उलथण्यानं.

बर्फाशिवाय काही दिसत नव्हतं. मालकांना बर्फ फार आवडायचा. वीस वर्षं झाली तरी पहिला बर्फ पडला की मूस भट्टीवर सोडून दारात जायचे आणि मला हाक मारायचे, "शालन, बघ की गं." मी आतून म्हणायची, "काय बघायचंय? आभाळानं पीठ सांडलंय. तुमी थापा त्येच्या भाकऱ्या." एकदाही बाहेर गेले नाही. गाडीत बसून मी तो बर्फ पोटभर बघितला. किती पांढरा होता. सांगायला शेजारी नेगी होता.

नवव्या किलोमीटरला वळणावर खालून टण्ण असा आवाज आला आणि गाडी एका बाजूनं उचलली गेली. नेगीनं डोळे मिटून घेतले. मग उतरला, आडवा पडून खाली बघितलं. केवढा तरी वेळ. बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ होता.

"टोकदार दगड होता. चेंबरच्या बरोबर खाली. तव्याला पोचा पडलाय," तो म्हणाला. "चेंबरला ओरखडासुद्धा नाही."

मला न सांगताच कळलं होतं. तो आवाज मी ओळखला होता. भाकऱ्या झाल्या की मी तवा चुलीवरून उतरवून फरशीवर ठेवायची, तेव्हा तोच आवाज यायचा आणि तो ऐकला की मालक हात धुवायला उठायचे.

युलांगला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आनंदा घराच्या छपरावर होता. लाकडी फावड्यानं बर्फ खाली लोटत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली, मला बघितलं आणि शिडीवरून खाली उतरला. दाढी वाढली होती. माझ्या पायाकडं वाकला, मग मध्येच थांबला.

"वयनी? तुमी? असल्या बर्फात?" आणि लगेच, "दादा कसा हाय?"

वाटेत मी काय काय ठरवून आले होते. असं म्हणायचं, तसं म्हणायचं. पण तो पहिल्याच वाक्यात हे विचारील, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रस्ता बंद, फोनच्या तारा तुटलेल्या. त्याला कुठून कळणार?

"आज दहावा हाय," मी म्हणाले.

"कुनाचा?"

मी पदर मागं सारून मोकळं कपाळ दाखवलं.

"वयनी, कुनाचा दहावा?"

फावडं त्याच्या हातातच होतं. ते त्यानं हळूच भिंतीला टेकवून ठेवलं, जणू ते फुटेल.

"अग्नी कुनी दिला?"

"बापूंनी."

"मी हितं चौदा किलोमीटरवर आनी अग्नी बापूंनी?" त्याचा आवाज वर चढला नाही, खाली गेला. "आजारी पडल्यावं कळवायचं तरी. सांगावा धाडायचा."

आता सांगायला पाहिजे होतं.

"त्येच इचारायचे ते. शेवटचे तीन दिस. आनंदाला सांगावा धाडला का? मी म्हनायची, धाडला. येतोय, वाटंत हाय, दरड पडलीया. म्हनून त्येंनी खाट दाराकडं तोंड करून लावून घेतली. त्या वक्ताला रस्ता चालू हुता. बर्फ नंतर पडला. मी सांगावा धाडलाच न्हवता, आनंदा. दाराकडं बघत बघत गेले. आनी आता कावळा शिवंना."

त्यानं दाढीवरचा बर्फ पुसला.

"म्हंजे कावळ्यासाठी आलाव तुमी."

खोटं बोलता आलं असतं. त्यात माझा हात बसलेला होता. "व्हय," मी म्हणाले. "कावळ्यासाठी आले."

"कावळा शिवला असता तर आला नसता."

"न्हाई."

आनंदा पायरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. डोंगराची सावली अंगणाच्या निम्म्यापर्यंत आली होती.

रिंचेन केव्हाची दारात उभी होती. कडेवर दोन वर्षांची पोर, मला माहीतसुद्धा नसलेली. ती माझ्याकडं न येता गाडीकडं गेली. नेगी खाली शिरून बर्फ खरडत होता, तो काय करतो ते बघायला वाकली. आणि वाकलेलीच राहिली. पोरीला बर्फात उभी केली, स्वतः गुडघ्यावर बसली, हात आत घातला. मग उठून माझ्यासमोर आली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "ह्यो तुमचा तवा हाय."

आमच्याच बोलीत. खानापूरच्या हेलात. तीन वर्षं त्या डोंगरात आनंदाशी बोलून बोलून शिकली होती.

"व्हय," मी म्हणाले.

"भोकं पाडली?"

"पाडली."

तिनं आणखी काही विचारलं नाही. पोरीला घेऊन आत गेली, तिला आपल्या म्हाताऱ्या आईकडं ठेवून आनंदाचा कोट आणि मफलर घेऊन आली. कोट त्याच्या मांडीवर टाकला. "उठा. दिस बुडतोय." आणि स्वतः गाडीत येऊन माझ्या शेजारी बसली.

आनंदा उठला. पण पुढं नाही, मागं वाळूच्या पोत्यांवर जाऊन बसला. सगळी वाट काचेतून मला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. एका वळणावर गाडी कलली तेव्हा रिंचेननं माझा हात धरला आणि गाडी सरळ झाली तरी सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.

उतरताना आमचाच मळलेला माग होता. साडेचारला नदीवर आलो. ऊन समोरच्या शिखरावर बोटभर राहिलं होतं. बापू दगडाशी घोंगडं पांघरून बसले होते.

पत्रावळ रिकामी होती. भात नाही, भाकरी नाही. चटणीसुद्धा पुसून नेलेली.

"शिवला?" मी धावतच गेले.

"शिवला," बापू म्हणाले. पण खूष दिसत नव्हते.

"कवा?"

"तुमची गाडी पुलापल्याड वळली आनी मी तंबाखू मळाय खाली बघितलं. तेवढ्यात."

"म्हंजे आमी निघाल्या निघाल्याच? आनी मला हाक मारायची न्हाई? कुठला? त्यो डावीकडचा डोमकावळा का?"

बापूंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"डोमकावळे गेले उडून, वयनी. ती... पिवळ्या चोचीची आली. सगळी आली. तुमी न्हवता हाकलाय, आनी माझा काय हात उठंना. कशी बसली हुती सांगू, पंगतीला बसल्यागत. एक शीत ठेवलं न्हाई."

"सकाळी आली हुती का ती?" मागून आनंदानं विचारलं.

"पयल्यापासून तीच येत हुती की," बापू हळूच म्हणाले. "पिंड ठेवला आनी लगीच आली. वयनी हाकलत हुत्या."

ती पाखरं अजून तिथंच होती, दगडावर, पोट भरून पिसं साफ करत बसलेली. रिंचेन माझ्या शेजारी उभी होती. तिच्या फुटक्या गालांवर ऊन पडलं होतं. मला तिच्याकडं बघवेना.

आनंदा माझ्यापुढं आला. तो आता काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, मी ठरवलं होतं.

"दादा असाच हुता, वयनी," तो म्हणाला. "तुमी हाकललं की उठायचा. तुमची पाठ वळली की परत यिऊन बसायचा."

दहा दिवस माझ्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं. बाजारातल्या बायका आपसात बोलायच्या, मराठ्याची बाई दगड आहे. त्या दिवशी नदीवर मी जी बसले, ती उठवता उठवेना. शेवटी रिंचेननं काखेत हात घालून उठवली आणि घरी नेली. चूल तिनंच पेटवली. तवा गाडीखाली होता, म्हणून भाकऱ्या कढईच्या बुडावर भाजल्या. माझ्यासारख्या येत नव्हत्या तिला. दोन खाल्ल्या मी.

त्याला आता बावीस वर्षं झाली. दुकान आनंदानं चालवलं, अजून चालवतो. मी सात वर्षं तिथं काढली, मग गुडघे गेले आणि गावी आले. तवा नेगीनं चार हिवाळे गाडीला वापरला आणि धुऊन, घासून रिंचेनला परत आणून दिला. चार भोकं आणि मधोमध पोचा. भोकं काठाला आहेत, भाकरीला लागत नाहीत. पण पोच्यावरची भाकरी दर वेळी जरा करपते म्हणे. ती भाकरी रिंचेन माझ्या नावानं काढून ठेवते आणि गाईला घालते.

बर्फ पडला की तिचा फोन येतो. "जाऊबाई, पडला बगा."

"किती?"

"मांडीयेवढा."

"दारात जाऊन उभी ऱ्हा," मी म्हणते. "कोन हाक मारतंय का बघ."

इथं आमच्या माळावर बर्फ कुठला? पितृपाटात मी गच्चीवर घास ठेवते. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. हातभरावर कावळे, काळ्या चोचीचे, अगदी नियमातले. पाच मिनिटांत पान साफ होतं. लेक म्हणते, आई, शिवला, चल खाली.

मी म्हणते, तू हो पुढं.

एक घास मी पदराखाली वेगळा राखलेला असतो. ती खाली गेली की तो कठड्यावर मांडते आणि मागं सरून बसते. ऊन डोक्यावर येतं, मग उतरतं. कधी वाऱ्यानं शीळ घातल्यासारखं वाटतं आणि मी मान वर करते.

"या," मी म्हणते. "हाकलत न्हाई."